पत्र्याच्या आतली बाजू

गाडीच्या दारात पाणी शिरतं, आणि ते शिरणारच असतं. काच वरखाली व्हायची तर काच आणि पत्रा यांच्यात थोडी फट हवी. त्या फटीला रबराची पट्टी असते, पण जुलैतल्या मुंबईच्या पावसापुढे ती कितीशी टिकणार? गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून दाराच्या तळाशी त्यांनी बारीक भोकं ठेवलेली असतात. आत आलेलं पाणी तिथून गळून जावं, एवढीच अपेक्षा. पुढे त्या भोकांत माती जाते, झाडाची पानं जातात, झिजलेल्या रबराचा भुगा जातो, आणि एखादा उत्साही पेंटर त्यांच्यावरून जाड रंग मारून त्यांचं तोंड कायमचं बंद करतो. मग पाणी आतच थांबतं. रंगाला बाहेरून बारीक फोड दिसायला लागतात तेव्हा आतला पत्रा बहुतेक गेलेला असतो. तरी लोक त्या फोडावर बोट फिरवून म्हणतात, "किरकोळ आहे, टचअप करून घेऊ."

मुंबईत पत्रा गंजायला पाऊसच लागतो असंही नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते धुळीबरोबर सांध्यासांध्यांत बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, त्याला तर पाणी सुटायला सुमारे 33 टक्के आर्द्रता पुरते. आपल्याकडे हिवाळ्यातल्या रात्रीसुद्धा हवेत त्याहून जास्त ओल असते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो. दोन पत्रे एकावर एक ठेवून जोडलेले असतील तर मधे धरलेला गंज त्यांना हळूहळू फाकवतो, मग त्या फटीत आणखी पाणी जातं. ताडपत्री घालून ठेवलेली गाडी सुखरूप राहते हा तर मोठाच गैरसमज आहे. ताडपत्रीखाली वारा खेळत नाही, जमिनीतली ओल वर येऊन गाडीच्या पोटाला चिकटते आणि तिथेच राहते. पार्ल्याच्या जुन्या सोसायट्यांत अशा गुंडाळून ठेवलेल्या गाड्या दिसतात तेव्हा मालकांची बेल वाजवून सांगावंसं वाटतं, अहो, कोपऱ्यात का होईना, पण उघडी ठेवा.

आमचीही अशीच गुंडाळलेली होती. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, 1967 ची फियाट इलेव्हन हंड्रेड डिलाइट. अण्णांचा पार्ल्यात दवाखाना होता आणि रात्री-अपरात्री पेशंटकडे जायला गाडी हवी म्हणून त्यांनी नंबर लावला होता. त्या काळी गाडी पैसे भरून लगेच मिळत नसे, वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. अण्णा गेल्यानंतर नवऱ्याने ती वर्षातून दोनदा चालू करायची असं ठरवलं, मग एकदा, मग बॅटरीच काढून ठेवली. दुरुस्त करायचं ठरवलं ते सासूबाईंनी. पैसे त्यांचे, हट्ट त्यांचा, आणि गॅरेजच्या खेपा माझ्या, कारण घरात ग्राइंडरच्या आवाजाला न घाबरणारी मी एकटीच.

एक सांगून टाकते. गाडीवरचा प्रत्येक पोचा म्हणजे एक आठवण, तो तसाच ठेवावा, असं म्हणणारी मंडळी मला भेटली आणि मला ती पटली नाहीत. डाव्या मडगार्डावरचा पोचा अण्णांनी गोखले रोडवर खांबाला घासून आणला होता, आणि त्याबद्दल ते मरेपर्यंत खांबाला शिव्या देत होते. त्यांना तो पोचा नकोच होता. पत्रा सरळ असावा असंच गाडीवाल्याला वाटतं. आठवणी जपायला घरात फोटो आहेत.

कंपनीछापाच्या एसी वर्कशॉपमध्ये आधी विचारून आले. तिथे मुलगा नम्र होता, टॅबवर फोटो काढले, आणि म्हणाला की मॅडम, आमच्याकडे पॅनल रिपेअर होत नाही, रिप्लेस होतं. नवं पॅनल मागवायचं, जुनं काढायचं, नवं लावायचं, रंग मारायचा. त्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. इन्शुरन्सचा क्लेम तसाच बसतो, वेळ ठरलेला राहतो आणि हाताच्या कौशल्यावर काही अवलंबून राहत नाही. फक्त डिलाइटचं नवं मडगार्ड आज कुठल्या काउंटरवर मिळत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मालाच्या दुकानांत एखादं सापडेल, पण तेही कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचं, तेवढंच चेपलेलं आणि तेवढंच खाल्लेलं. म्हणजे ठोकणारा माणूस शोधणं आलंच.

तो सापडला वडाळ्याकडे, एका भिंतीला टेकून उभ्या केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. मिस्त्री मूळचे खेडकडचे, सत्तरीच्या जवळ आलेले. बाहेर रिक्षाची दोन हुडं आणि एक टेंपो उभा होता. गाडी टोइंगवाल्याने उतरवली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "टॅक्सी होती का कधी?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग बरं. टॅक्सीला कुणी काय काय भरलेलं असतं, सांगता येत नाही."

त्यांची सगळी उमेदवारी टॅक्सीवर झालेली. या गोष्टीवर मी तेव्हापासून बराच विचार केला आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे: मुंबईत आज जेवढ्या जुन्या फियाट रॅलीत मिरवतात, त्या सगळ्या टॅक्सीवाल्यांच्या उधारीवर जगल्या आहेत. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्यात कारखाना आला, 1964 मध्ये डिलाइट आली, तीच पुढे थोड्याफार फरकाने प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं. पण टॅक्सी म्हणून ती त्यानंतरही धावत राहिली. शहरातली शेवटची नोंदलेली काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं या एकाच पत्र्यावर, एकाच वळणाच्या मडगार्डावर, मुंबईतले डेंटर हात बसवत होते. हौशी मालकाची गाडी वर्षातून एकदा येणार आणि चार महिने थांबणार. टॅक्सीवाला रात्री अकराला गाडी आणून लावायचा आणि सकाळच्या शिफ्टला ती मागायचा. गाडी उभी राहिली की धंदा बुडाला. पासिंगची तारीख जवळ आली की रांगा लागायच्या. नवं पॅनल घ्यायला पैसे नाहीत आणि वेळही नाही, म्हणून जे आहे तेच ठोकून सरळ करायचं. या घाईतून आणि या टंचाईतून तो हात तयार झाला. चांदीची मूठ असलेल्या छत्र्या घेऊन रॅलीला येणाऱ्या मंडळींनी तो तयार केलेला नाही.

तीच टंचाई वाईट कामंही करून घ्यायची, हेही खरं. आमची गाडी टॅक्सी नव्हती, तरी तिच्या दाराखालच्या पोकळ पेटीत काय निघालं ते सांगते. बाहेरून ती पेटी नीट दिसत होती, रंगही धरलेला होता. मिस्त्रींनी खिशातून गोल चुंबक काढलं आणि दाराखालून पुढून मागे फिरवत नेलं. पुढे ते टक्कन चिकटलं, मधे सैल झालं, आणि मागच्या चाकाजवळ सरळ खाली पडलं. तिथे लोखंड नव्हतंच. छिन्नीने टवका काढला तर बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी निघाली, तिच्याखाली काळी पडलेली एम-सील, आणि तिच्याखाली गोणपाट. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका गॅरेजने भोकात गोणपाट कोंबून त्यावर थापून दिलं होतं. त्या कामाचे पैसे अण्णांनी दिलेले मला कागदात सापडले होते. गोणपाटाने तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात पाणी पिऊन ठेवलं आणि आजूबाजूचा चांगला पत्राही खाल्ला. तळहाताएवढं भोक बुजवायला गेलेले, आणि आता हातभर लांबीचा तुकडा कापायचा होता.

इथे आमचा वाद झाला. मला वाटत होतं की मूळ पत्रा जेवढा वाचवता येईल तेवढा वाचवावा. इंटरनेटवर वाचून माझ्या डोक्यात 'ओरिजिनल' हा शब्द बसला होता. मिस्त्री ऐकायला तयार नव्हते. त्यांनी खडूने एक रेघ ओढली, मग टोचा घेऊन पत्र्याला जागोजागी टोचत पुढे गेले. टोचा जिथे नुसता वाजला तिथे थांबले आणि पहिल्या रेघेपासून चांगली चार बोटं पुढे दुसरी रेघ ओढली. "इथनं कापायचं. गंजाच्या कडेला टाका मारलात तर टाका पत्रा जाळून आरपार जातो. पत्रा तिथे कागदाएवढा उरलाय." त्यात वितंडवाद करण्यासारखं काही नव्हतं. वेल्डिंगला दोन्ही बाजूंना पुरेशी जाडी लागते, आणि आत गंज ठेवून वर कितीही चांगला पॅच मारला तरी दोन पावसाळ्यांत कड पुन्हा फुगते. ओरिजिनल म्हणून सडका पत्रा ठेवण्याला जपणूक म्हणायचं का, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला आणि तिथेच सोडून दिला.

कापण्याआधी मात्र त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा आहे. दाराखालची पेटी, फ्लोअर, पिलर, छत हे सगळं मिळून वजन पेलतं. ती पेटी कापली आणि गाडी नुसती जॅकवर लोंबत असली तर मधोमध खचते, आणि खचलेल्या अवस्थेत नवा पत्रा जोडला की ती खच कायमची होते. नंतर दार लागत नाही, लागलं तर उघडत नाही. म्हणून त्यांनी गाडीखाली चार ठिकाणी लाकडी ठोकळे दिले, दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाक्यांवर पकडला, आणि दार बंद करून फट मोजली. मोजायला त्यांच्याकडे साधा एक रुपयाचा बंदा होता. तो फटीत वरपासून खालपर्यंत सारखा सरकला पाहिजे. दर वेळी काही कापलं की दार लावायचं आणि नाणं फिरवून बघायचं. बंदा अडला की काम थांबायचं.

नवा तुकडा वीस गेजच्या सीआर शीटचा, म्हणजे मुलामा नसलेल्या साध्या पोलादी पत्र्याचा. वीस गेज म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर, गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे मला उलटं वाटायचं आणि अजूनही वाटतं. मी भोळेपणाने विचारलं की जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पत्रा का नको, तो तर गंजत नाही. मिस्त्रींनी हातानेच उडवून लावलं. जीआयवर वेल्डिंग केलं की जस्त जळून पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. उमेदवारीत त्यांनी तो ताप काढलेला आहे. त्याऐवजी जोडाच्या आतल्या बाजूला जस्ताचा प्राइमर मारायचा आणि सगळं झाल्यावर पेटीच्या पोटात मेण सोडायचं. पूर्वी काय करायचे? जळकं ऑइल. टॅक्सीच्या दारात आणि पेटीत काळं ऑइल ओतून द्यायचे, ते आठवडाभर रस्त्यावर ठिबकायचं. वास मारायचा, पण पत्रा टिकायचा.

पुठ्ठ्याचा फर्मा काढला, फर्म्यावरून पत्रा कातरला, लाकडी ओंडक्यावर मोगरीने कडा वळवल्या. जोड एकावर एक चढवून देता आला असता, पटकन झालं असतं. पण चढवलेल्या जोडात पाणी अडकतं, म्हणून त्यांनी कडेला कड लावली. मग टाके. सलग शिवत गेलं तर उष्णतेने पत्रा ताणतो आणि लाटा उठतात. म्हणून एक टाका पुढे, एक मागे, एक मधे, आणि प्रत्येक टाक्यानंतर हात लावून बघायचं की जागा थंड झाली का. त्यांचा पोऱ्या सीओटू मशीन, म्हणजे विजेवर तारेने वेल्डिंग करायचं यंत्र चालवतो, पण दर्शनी पॅनलवर मिस्त्री अजून गॅसचाच जोड देतात. गॅसचा टाका मऊ राहतो, त्याला नंतर हातोडीने दाबून पत्र्याच्या पातळीत आणता येतं. सीओटूचा टाका कडक असतो, तो घासावाच लागतो, आणि घासताना शेजारचा पत्रा पातळ होतो. पेटीला, फ्लोअरला, जिथे कुणी बघणार नाही तिथे, सीओटू चालेल. त्यांचा हा हिशेब मला आवडला.

खरी गंमत मडगार्डाची. मी तोवर समजत होते की पोचा काढणं म्हणजे आत हात घालून बाहेर ठोकणं. मिस्त्रींनी पहिला सगळा वेळ हातोडीला हातच लावला नाही. मऊ धोतराचं एक फडकं तळहाताखाली धरून ते मडगार्डावरून हात फिरवत राहिले, पुढून मागे, मग तिरपा. फडक्यामुळे हात घसरतो आणि बोटांच्या ऐवजी सगळा तळवा वाचतो. मधेच ट्यूबलाइटच्या उजेडात डोकं खाली घालून बघायचे. रंगावर पडलेलं नळीचं प्रतिबिंब जिथे सरळ तिथे पत्रा सरळ, जिथे ते वाकडं होतं तिथे खडूची खूण. थोड्या वेळाने मडगार्डावर खुणांचा नकाशा झाला, आणि त्यात मूळ पोच्यापासून वीतभर दूर एक उंचवटा होता जो मला अजिबात दिसला नव्हता.

"हा आधी," त्यांनी उंचवट्यावर बोट ठेवलं. खांब लागला तेव्हा पत्रा आत गेला, आणि आत जाताना त्याने कडेला एक धार उचलली. त्या धारेनेच पोचा अडकवून धरलेला असतो. जो बिघाड शेवटी झाला तो आधी काढायचा, सगळ्यात आधी लागलेला मार शेवटी. आतून लोखंडी डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा लावली, ती पोच्याच्या तळाशी, आणि हातोडी बाहेरून धारेवर. दोघांचा सामना होत नाही अशी जागा. हलक्या हाताने टकटक, टकटक. धार बसत गेली आणि पोचा आपणहून वर येऊ लागला. पत्र्याचा फार थोडा भाग खरोखर मुडलेला असतो. बाकीचा नुसता दबलेला असतो आणि सोडवला की जागेवर जातो. नवखा माणूस नेमका याच दबलेल्या, निर्दोष भागावर ठोकतो. डॉली आणि हातोडी समोरासमोर आली की मधला पत्रा चेपून पसरतो. पसरलेल्या पत्र्याला जागा हवी असते, ती नसते, मग तो फुगतो.

आमच्या मडगार्डावर कुणीतरी आधी असं ठोकलेलं होतं. पोचा वर आल्यावर तिथे तेलाच्या डब्याच्या तळासारखं झालं: दाबलं की टक्कन आत, सोडलं की टक्कन बाहेर. इतकं क्षेत्रफळ त्या जागेत मावतच नव्हतं. ते कमी करायची युक्ती मी अगदी जवळ उभी राहून बघितली. गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा एकच ठिपका लालबुंद केला. तापलेलं लोखंड पसरू बघतं, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून ते वर टेंगूळ काढतं. त्या टेंगळावर मिस्त्रींनी पटापट तीन-चार टोले दिले, आतून डॉली नुसती टेकवलेली. पत्रा तिथल्या तिथे जाड झाला. लाली काळी पडताच ओलं फडकं दाबलं, सुंदर फुसफुस झाली, वाफ आली, आणि निवताना त्या ठिपक्याने भोवतीचा सैल पत्रा स्वतःकडे ओढून घेतला. दोन बोटं सोडून पुन्हा एक ठिपका, मग आणखी एक. शेवटी अंगठ्याने दाबून बघितलं तर टक्क आवाज नाही. पत्रा ताठ. पोऱ्या माझ्याकडे बघून हसला, कारण माझं तोंड उघडंच राहिलं होतं.

कानस फिरवल्यावर उंच जागा चमकतात आणि खोल जागा काळ्या राहतात. त्या काळ्या जागांत लांबी लागते, आणि लागू द्यावी. लांबी म्हणजे फसवणूक असं मानणारे शुद्धतावादी मला अलीकडे फार भेटतात. जुने कारागीर शिसं आणि कथील वितळवून भरायचे, ते लाकडी पट्टीने लोण्यागत पसरायचं, टिकायचंही छान. पण घासताना शिशाची धूळ कोण खाणार? पॉलिस्टरची लांबी वाईट नसते, तिची जाडी वाईट असते. नखाएवढा थर द्यायचा, हार्डनर हिशेबातच घालायचा, आणि घासायचं ते कोरडं. ती पाणी शोषते. लांबी उघडी असताना पाणी-पेपर मारला की पाणी तिच्यात मुरतं आणि वरचा रंग पुढच्या वर्षी फोड दाखवतो. पाण्याचं घासकाम प्राइमर आणि सर्फेसर चढल्यावर.

हे सगळं पावसाळ्यात करायचं नाही. आम्ही दसऱ्यानंतर गाडी नेली होती, तरी ऑक्टोबरच्या उकाड्यात एक गोष्ट झाली. संध्याकाळी दाराचा पत्रा पांढराशुभ्र घासून ठेवला होता, पोऱ्याने दार आत घेताना घामट हाताने धरलं, आणि सकाळी त्यावर पाच बोटं आणि तळवा नारिंगी गंजात उमटलेले. अगदी रेषांसकट. मिस्त्रींनी त्याला ओरडा दिला, मग फॉस्फोरिक ॲसिड असलेलं गंजनाशक लावून ते पुन्हा घासलं. उघडा पत्रा या शहरात एक रात्रही तसा सोडायचा नसतो. रंगाचं मी फार सांगत नाही, त्याबद्दल सगळेच बोलतात. जुना ड्यूको, म्हणजे थिनर उडून वाळणारा पूर्वीचा गाडीचा रंग, मारला तर दमट दिवशी त्यावर पांढुरकी झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर जमते. आम्ही जानेवारीत मारला, अण्णांचा मूळचा फिका राखाडी.

मधेच नवऱ्याने एक कागद आणला. केंद्र सरकारने 2021 मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली असावीत, गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडीशेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. मग नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. नवरा खूश. मी मात्र दाराखालच्या हातभर नव्या पत्र्याकडे बघून विचारात पडले, हा फेरफार धरायचा की दुरुस्ती? मिस्त्रींच्या मते जसं होतं तसंच बनवलं तर त्यात फेरफार कसला. सासूबाईंनी सगळा कागद वाचून घेतला, आणि त्यांना तिथलं भलतंच वाक्य टोचलं: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला चालेल.

"म्हणजे सिद्धिविनायकाला नाही?"

"नाही, आई."

"मग ठेवा तुमची अक्षरं. मला जायचंय."

तेव्हा साधी नोंदणीच ठेवली, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायची ती.

खर्चाचं विचाराल तर रंगावर जेवढा झाला त्याच्या दुपटीहून जास्त आत गेला: पेटीत, फ्लोअरमध्ये, दाराच्या तळात, जिथे आता मेण आहे आणि भोकं मोकळी आहेत. सोसायटीत गाडी आली तेव्हा सगळ्यांनी रंगाचं कौतुक केलं. एका काकांनी बोनेटवर हात ठेवून विचारलं, नवीन पॅनल टाकलेत का? मी हो म्हटलं असतं तरी त्यांना चाललं असतं.

मिस्त्रींची शेड राहील असं दिसत नाही. मागच्या जागेवर टॉवरची पाटी लागली आहे. पोऱ्या हुशार आहे, पण त्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी हवी आहे, तिथे पगार महिन्याच्या महिन्याला होतो आणि रविवारी सुट्टी असते. त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. टॅक्सीच्या रांगा गेल्या, आता महिन्याकाठी एखादी फियाट येते, आणि एका फियाटवर कुणाचा हात बसत नाही. मी मिस्त्रींना विचारलं की हे ठिपका तापवायचं काम मोबाइलवर नीट शूट करून ठेवू का. "ठेवा की," म्हणाले, "पण आवाज नीट येऊ द्या. टोला बरोबर बसला का ते दिसत नाही, ऐकू येतं."

डिकीचा तळ अजून राहिला आहे. स्टेपनीच्या खाली पाणी साचून तिथेही चाळण झाली आहे, आणि या वेळी त्यांनी अठरा गेजचा पत्रा आणायला सांगितलाय, कारण तिथे वजन बसतं. गणपती झाले की गाडी सोडा म्हणालेत. सासूबाईंचा आग्रह आहे की दसऱ्याच्या पूजेला ती घरी हवी, म्हणून सध्या दोघांच्यात माझ्यामार्फत घासाघीस चालू आहे.